सासूबाई जाळीपलीकडे

आमच्या परसातल्या कोंबड्यांना नावं द्यायचं काम माझ्या बायकोनं स्वतःकडे घेतलं होतं, आणि सगळी नाती तिनं माझ्या बाजूची निवडली होती. सर्वांत थोराड, लालबुंद तुऱ्याची, दाण्याच्या ताटलीशी नेहमी पहिली येणारी ती सासूबाई. तिच्या मागोमाग येणारी, अंगानं सडपातळ आणि रंगानं काळी, ती जाऊबाई. मग नणंद. उरलेल्या दोघी एकमेकींसारख्याच दिसत, म्हणून दोघीही चुलतसासवा. तुझ्या माहेरचं कुणीच कसं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. माझ्या माहेरची माणसं टोचत नाहीत, असं उत्तर मिळालं.

या घराण्यात चार नव्या पोरींना घ्यायचं होतं, आणि तेही लेक नातीला न्यायला येण्याआधी.

नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. जेवताना तिचा एक पाय टेबलाखाली हलत असतो, आणि झोपेतसुद्धा ती पलंगाच्या या टोकापासून त्या टोकाला जाते. तिच्या आईची, म्हणजे आमच्या लेकीची, नोकरी दुसऱ्या गावी गेली होती. तिथे घर मिळेपर्यंत आणि नव्या शाळेत प्रवेश होईपर्यंत भिंगरी आमच्याकडे होती. आल्या आल्या तिनं हट्ट करून चार पिल्लं आणवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खोक्यात, दिव्याच्या उबेला ठेवून तिनं ती वाढवली. आता त्यांची अंगं भरली होती, पिसं आली होती, पण अंडी घालायला अजून अवकाश होता. अशा वयातल्या कोंबडीला तलंग म्हणतात. खोक्याबाहेर उडी मारून या तलंगा पिठाच्या डब्यावर बसायला लागल्या, तेव्हा बायकोचा धीर सुटला. त्या परसात जाऊ देत, नाहीतर मी माहेरी जाते, असं तिनं जाहीर केलं.

लेकीला मिळालेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथे कोंबड्या नेणं शक्यच नव्हतं. आमच्या परसात त्या रुळल्या तर इथेच राहणार होत्या, आणि भिंगरी सुट्टीत येऊन त्यांना भेटणार होती. रुळल्या नाहीत तर दूधवाला त्या न्यायला तयार होता. त्याच्याकडे कोंबड्या बऱ्याच होत्या. आमच्याकडे चार दिवस अंडी घालतात, मग पातेल्यात जातात, असं तो दारात उभा राहून हसत हसत सांगून गेला. दाराआड भिंगरी उभी होती हे त्याला दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिचे दोन्ही पाय हलायला लागले.

मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पाच कप एका ओळीत मांडले. हा पहिला कप सासूबाई, त्यानंतर जाऊबाई, असं करत शेवटपर्यंत गेलो. कोंबड्यांच्यात अशी रांग असते, मी म्हटलं. कुणी आधी खायचं, कुणी आधी प्यायचं, दांड्यावर कुणी कुठे झोपायचं, हे सगळं ठरलेलं असतं. पुढची मागचीला एक टोच मारते, मागची बाजूला होते, संपलं. मग मी आणखी एक कप आणून मध्येच घुसवायला लागलो. टेबल लहान होतं. एका टोकाचा कप कडेला आला आणि तिनं तो झेलला.

"सगळ्यांनाच सरकावं लागतं," ती म्हणाली.

म्हणूनच त्या चिडतात, असं मी सांगितलं. त्या वाईट नसतात, त्यांना फक्त आपली जागा जाईल असं वाटत असतं. म्हणून आधी नुसतं एकमेकींना बघू द्यायचं. दिसायचं सगळं, लागायचं काही नाही.

जुन्या दाराची चौकट होती, तिला तारेची जाळी ठोकली आणि ती परसाच्या मधोमध उभी केली. अलीकडे खुराड्यासकट जुन्या पाच जणी. पलीकडे चार तलंगा, त्यांच्या रात्रीसाठी एक लाकडी पेटी, आणि आडोशाला एक मोडकी खुर्ची. पहिल्या दिवशी सासूबाई जाळीच्या कडेनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिली. वळायची, पुन्हा चालायची. तिला समांतर घरातून भिंगरी चालत होती, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून मागच्या दारापर्यंत. घास तोंडात ठेवून उठायची, परसात डोकावून यायची, बसायची, पुन्हा उठायची. बायको म्हणाली, हिला पण जाळीत ठेवा.

चारांतली एक किडकिडीत होती. तिचे पाय शरीरापेक्षा आधी वाढले होते. ती काडी. इतर तिघी जाळीपासून लांब राहायच्या, ही मात्र अगदी जवळ जाऊन उभी राहायची आणि सासूबाईकडे एका डोळ्यानं बघायची. सासूबाई तारेवर चोच आपटायची, तरी ही हलायची नाही.

"शूर आहे," भिंगरी म्हणाली.

मला तसं वाटत नव्हतं. तिला अजून काही ठाऊकच नाही, असं मला वाटत होतं.

दाणे मी जाळीच्या दोन्ही बाजूंना अगदी लगत टाकायला लावले, म्हणजे समोरासमोर खाणं होईल. एके संध्याकाळी दाणे टाकता टाकता भिंगरीनं विचारलं, "आबा, शाळेत अशी मधे जाळी नसते ना?"

नसते, मी म्हटलं. तिनं मूठ उघडली आणि उरलेले दाणे एकदम खाली टाकले.

पुढे मेव्हणीचं मनगट मोडलं आणि बायको चार दिवसांसाठी तिच्याकडे गेली. जाताना तिनं मला बजावलं की मी येईपर्यंत जाळी काढायची नाही. मी हो म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी लेकीचा फोन आला की घर लागलं आहे आणि ती ठरल्यापेक्षा आधी, येत्या रविवारी येते आहे. भिंगरीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिचं ते बघणं ज्यानं पाहिलं नाही, त्यानं मला दोष द्यावा. आम्ही जाळी बाजूला केली.

सासूबाई धावली नाही. ती सावकाश चालत आली, तलंगांच्या मधून वाट काढत सरळ काडीपाशी गेली आणि तिच्या डोक्याची पिसं चोचीत धरून तिला जमिनीवर दाबलं. टोच आणि मार यातला फरक मी भिंगरीला शिकवला होता. टोच एकदा बसते आणि संपते. हे संपत नव्हतं. मी सासूबाईला दोन्ही हातांनी उचललं, तेव्हा तिच्या चोचीत काडीचं पांढरं पीस होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्यांनी सांगितलं की दांडगाई करणारीला एखादा दिवस बाजूला काढून ठेवा, तेवढ्यात बाकीच्यांची ओळख होते. पण फार दिवस ठेवू नका. अडगळीच्या खोलीत रंगाचे डबे सरकवून आम्ही एक जाळीची पेटी ठेवली आणि सासूबाईला त्यात बसवलं. भिंगरीनं पाणी ठेवलं, दाणे ठेवले आणि दार लावताना तिला म्हणाली, "बस आता."

त्या दिवशी परस शांत होतं. नणंद आणि चुलतसासवा नव्या पोरींपाशी आल्या, हुंगल्यासारखं केलं आणि निघून गेल्या. भिंगरी पायरीवर बसून राहिली. इतका वेळ एका जागी बसलेली तिला मी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सासूबाईला सोडू या, मी म्हटलं. तिनं मान हलवली. अजून एक दिवस, ती म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. मीही ताणलं नाही. खरं सांगायचं तर परसातली ती शांतता मलाही हवी होती. आणि अडगळीच्या खोलीतून येणारा आवाज, पेटीच्या तळाशी नखं ओढल्याचा, आम्ही दोघंही ऐकत नव्हतो.

आम्ही बघत होतो तलंगांकडे, त्यामुळे जाऊबाईकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती आता ताटलीशी पहिली यायला लागली होती. पाण्यापाशी उभी राहून कुणालाच पिऊ देत नव्हती. सासूबाई पोट भरलं की निघून जायची. जाऊबाईचं पोट भरलं तरी ती तिथेच. नवी गादी मिळालेल्या माणसाला बसायची सवय नसते, तसं तिचं झालं होतं. सारखी इकडून तिकडे, हिला टोच, तिला टोच. चुलतसासवांचीसुद्धा पिसं गेली. आणि एका दुपारी भिंगरीची किंकाळी ऐकून मी चष्मा शोधत बाहेर आलो, तेव्हा काडी मोडक्या खुर्चीखाली डोकं खुपसून बसली होती. तिच्या मानेमागे रक्त होतं. बाकीच्या सगळ्या त्या लाल डागाकडे बघत जवळ येत होत्या, तिच्याबरोबर वाढलेल्या तिघीसुद्धा.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी एक मांजर टोपलीत होतं आणि एक म्हातारा कुत्रा मालकाच्या बुटावर झोपला होता. भिंगरीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली काडी. भिंगरीचे पाय जमिनीला पोचत नव्हते. ते इतके हलत होते की बाक हलत होता, आणि कुत्र्याच्या मालकानं दोनदा आमच्याकडे बघितलं.

आत डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि त्यावर गडद निळं औषध लावलं. कोंबडीला लाल दिसलं की राहवत नाही, त्या भिंगरीला समजावत होत्या, म्हणून निळं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं की दांडगी कोंबडी किती दिवस बाहेर आहे. मी सांगितलं. त्यांनी हातमोजे काढले.

"आजोबा, तिला परत सोडायला उशीर केलात," त्या म्हणाल्या. "आता जपून."

काय जपायचं ते मी विचारायला हवं होतं. पण दारात पुढचा पेशंट भुंकत होता, आणि मला वाटलं, सासूबाई परत गेली की जाऊबाई आपोआप मागे सरकेल. काडीसकट चारही तलंगांना पलीकडे ठेवून, जाळी पुन्हा उभी करून, आम्ही सासूबाईला अडगळीच्या खोलीतून आणलं आणि तिच्या जुन्या जागी सोडलं.

ती पाच पावलं टाकून थांबली. तिचा तुरा फिका पडला होता. जाऊबाईनं पंख पसरले आणि अंगावर झेप घेतली. नणंद मागून आली. चुलतसासवा, ज्यांनी आयुष्यात कधी तिच्या आधी दाणा टिपला नव्हता, त्याही आल्या. सासूबाईनं आधी उलट मारलं. मग ती भिंतीच्या कोपऱ्यात तोंड करून उभी राहिली, आणि पाठीवर मार पडत असताना हललीसुद्धा नाही.

नेमकी तेव्हाच बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली. हातात बॅग तशीच होती. मी कोंबड्यांना हाकलत होतो, भिंगरी रडत होती. बायकोनं बॅग खाली ठेवली, कोंबड्यांच्यात शिरली, कोपऱ्यातून सासूबाईला उचललं आणि तिचा फाटलेला तुरा पदरानं टिपला.

"जन्मभर मला जे जमलं नाही, ते तुम्ही चार दिवसांत केलंत," ती मला म्हणाली.

एरवी यावर आम्ही दोघंही हसलो असतो. ती हसली नाही. सासूबाईला मांडीवर घेऊन ती बराच वेळ पायरीवर बसली, आणि रात्रीच्या जेवणाला भाजी कुठली करू, हेसुद्धा तिनं मला विचारलं नाही. उलट स्वयंपाकघरातून इतकंच सांगितलं की आता दूधवाल्याला फोन करा. चारही पोरी जाऊ देत. माझ्या कोंबड्यांची घडी विसकटली, ती आधी बसू दे.

भिंगरीनं रडणं थांबवलं. तिनं कपाटातून कप काढले आणि ती टेबलाशी जाऊन बसली. मी समोर बसलो. मुलं काही मांडत असतील तर आपण मध्ये हात घालू नये, निदान त्यांनी विचारेपर्यंत. तिनं पाच कप ओळीत ठेवले. पहिला उचलून बाजूला ठेवला. उरलेले चार पुढे सरकवले. मग बाजूचा कप परत आणला. ओळीच्या पुढे ठेवायला जागाच नव्हती. टेबलाची कड आली होती. तिनं तो मागे ठेवून बघितला. मध्ये ठेवून बघितला. शेवटी तो हातात धरून ती बसून राहिली, आणि तिचा पाय टेबलाच्या खुराला थडथड लागत होता.

"आबा, आता सासूबाईपण नवीनच आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मग तिला नव्यांच्यात ठेवू या."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली की सासूबाई त्या पोरींना फाडून खाईल. भिंगरी म्हणाली की ती आता एकटी आहे, आणि त्या चौघी आहेत. फाडून खायला अंगात जोर लागतो, तो तिच्यात आज नाही. हे ती इतक्या घाईत बोलली की दम लागला. बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी कपाकडे बघितलं. रविवारपर्यंत बघू, बायको म्हणाली, पण रक्त दिसलं तर फोन मी स्वतः करीन.

संध्याकाळी अंधारू लागल्यावर सासूबाईला तलंगांच्या पेटीत ठेवलं. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, त्यामुळे ती भांडत नाही, जिथे ठेवाल तिथे बसते. सकाळी उजाडायच्या आत भिंगरी अनवाणी परसात गेली. मी मागून चपला घेऊन. पेटीचं झाकण उघडलं तेव्हा चौघी एका बाजूला होत्या आणि सासूबाई दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामी जागा. दिवसभर असंच. तिनं टोचलं, प्रत्येकीला एकदा, फार तर दोनदा. काडीला जरा जास्त. पण धरून दाबलं कुणालाच नाही. मधूनच ती जाळीपाशी जायची आणि पलीकडच्या आपल्या माणसांकडे बघत कडेकडेनं चालायची, पहिल्या दिवशी चालली होती तशीच, फक्त आता जाळीच्या या बाजूनं. पलीकडे जाऊबाईही चालत असायची. ती वळली की ही वळायची.

दुसऱ्या संध्याकाळी पेटीतली मधली जागा कमी झाली होती. तिसऱ्या सकाळी ती नव्हतीच. वारा सुटला होता, गारवा होता, आणि सासूबाईच्या एका बाजूला काडी टेकली होती. ते प्रेम होतं असं मी म्हणणार नाही, आणि भिंगरीलाही म्हणू दिलं नाही. थंडी होती आणि शेजारी ऊब होती, एवढंच.

शनिवारी जाळी काढली. बायकोनं परसाच्या दोन टोकांना दाण्याच्या दोन ताटल्या ठेवल्या, पाण्याची दोन भांडी ठेवली, म्हणजे एकीला दोन्हींवर पहारा करता येऊ नये. कोबीचा एक गड्डा दोरीनं टांगून ठेवला. मी हातात झाडू घेऊन उभा. भिंगरी माझा सदरा धरून.

जाऊबाई सरळ सासूबाईवर आली. दोघी छाती फुगवून समोरासमोर उड्या मारायला लागल्या; पिसं उडाली, धूळ उडाली. नणंद आणि चुलतसासवा कुणाच्या बाजूनं जावं हे न कळून नुसत्या भोवती फिरत होत्या. मी झाडू उचलला. बायकोनं माझा हात धरला. त्यांचं त्यांना ठरवू द्या, ती म्हणाली. त्या गडबडीत चारही तलंगा मागून निघाल्या, कोबीपाशी गेल्या आणि खायला लागल्या. कुणी बघितलंच नाही. बघायला सवड कुणाला होती?

जाऊबाईनं मान खाली घातली तेव्हा तिचा एक पंख लोंबत होता आणि सासूबाईचा तुरा पुन्हा फुटला होता. बायको निळ्या औषधाची बाटली घेऊन त्यांच्यात शिरली. संध्याकाळी खुराड्याच्या दांड्यावर सासूबाई पहिल्या जागी होती, निळ्या तुऱ्याची. तलंगा सर्वांत खालच्या दांड्यावर, एकमेकींना चिकटून. भिंगरीला त्या रात्री जेवण गेलं नाही. उद्या सकाळी काय होईल, हेच ती विचारत राहिली.

सकाळी लेक आली. दारात गाडी उभी, ड्रायव्हर घाई करतोय, बॅगा निघाल्यात, आणि भिंगरी कुठे आहे म्हणून सगळे शोधतायत. ती परसात पायरीवर होती. मी तिच्या शेजारी बसलो. काडी पाण्याच्या भांड्यापाशी आली. सासूबाईनं वळून तिच्या पाठीवर एक टोच मारली. काडी दोन पावलं मागे झाली आणि उभी राहिली. पळाली नाही, खुर्चीखालीही गेली नाही. सासूबाई प्यायली, मान वर करून घोट गिळला, पुन्हा प्यायली आणि निघून गेली. मग जाऊबाई. तिच्यानंतर काडी पुढे आली आणि पाण्यात चोच बुडवली.

"दुखलं असेल का तिला?" भिंगरीनं विचारलं.

"थोडं."

ती तिच्याकडे बघत राहिली, पिऊन होईपर्यंत. मागून बायको आली आणि म्हणाली की काडी आता घरची झाली, तेव्हा तिला घरचं नाव हवं. तिनं जरा विचार केला. धाकटी सून, ती म्हणाली.

"म्हणजे तू?" मी विचारलं.

"म्हणजे मीच. शेवटी माझ्या बाजूचं कुणीतरी आलं परसात."

गाडीत बसल्यावर भिंगरीनं काच खाली केली आणि आजीला बजावून सांगितलं की जाळी टाकून देऊ नकोस, लागली तर असू दे. आजीनं नाही टाकत म्हटलं. लेकीनं तिच्या मांडीवर नव्या शाळेची पिशवी ठेवली. गाडी सुरू झाली. खिडकीतून मला तिचा चेहरा दिसत होता, तो शांत होता. पिशवी मात्र खालून हलत होती.